देवमासा दिसला की…

मागच्या दिवाळीत बपेऱ्याला मामाकडे होतो. मंडईचे दिवस. रात्री दंडार सुरू व्हायला वेळ होता म्हणून मी आणि मामेभाऊ पानठेल्यामागच्या ओट्यावर बसलो. त्याच्या मोबाइलवर नेमबाजीचा एक गेम, त्यात पैसे भरून उघडायची पेटी. पेटी थरथरली तसा त्याने माझा हात धरला. "थांब दादा, आता हालली ना ते, म्हणजे मोठं निघते." सोनेरी उजेड फाकला आणि निघाली एक टोपी. खेळातल्या माणसाने डोक्यावर घालायची. धानकापणीच्या मजुरीसाठी बाजूला काढलेले दीड हजार त्याने असेच तीन दिवसांत घातले होते. मामाला अजून माहीत नव्हतं.

पैसे गेले ते गेलेच, पण माझ्या डोक्यात अडकलं ते "हालली ना" हे दोन शब्द. पेटी हलते म्हणजे आत काहीतरी ठरतंय, असं त्याला वाटत होतं. ठरवणारा आकडा तर बटण दाबलं तेव्हाच निघालेला असणार. मग ती हलते कशाला? याचं उत्तर शोधत मी वीस वर्षांपूर्वीच्या दक्षिण कोरियात पोचलो.

तिथे 2004-05 च्या सुमारास 'पादा इयागी' नावाचं यंत्र गल्लोगल्लीच्या गेम पार्लरांत आलं. नावाचा अर्थ समुद्राची गोष्ट. जपानी पाचिंकोत याच अर्थाच्या नावाची यंत्रं आधीपासून लोकप्रिय होती, तेव्हा कल्पना कुठून आली ते वेगळं सांगायला नको. पडद्यावर फिरणाऱ्या चकत्या, त्यावर जलचर, मागे निळं पाणी. चित्रं अगदी लहान मुलांच्या पुस्तकातली. मधेच मागच्या पाण्यातून शार्क जायचा, कधी देवमासा. तो दिसला की मोठं बक्षीस जवळ आलं, असं खेळणाऱ्यांनी ओळखायचं. कोरियनमध्ये याला 'येशी' म्हणतात, म्हणजे पूर्वसूचना. माझ्या मते त्या यंत्रातली खरी कलाकृती हीच. चित्रपटात खलनायक यायच्या आधी संगीत बदलतं ना, तसं. फरक इतकाच की इथे प्रेक्षक दर काही सेकंदांनी तिकीट काढत असतो.

कायद्याने एका डावाचं बक्षीस 20,000 वॉनपर्यंत मर्यादित होतं. यंत्राने त्यावर तोड काढली: मोठी रक्कम लक्षात ठेवायची आणि लागोपाठच्या डावांत तुकड्यातुकड्याने पाडायची. रोख रक्कम द्यायची नाही, म्हणून 5,000 वॉनची गिफ्ट कुपनं मिळत. शेजारच्या खिडकीवर दहा टक्के कापून त्यांचे पैसे व्हायचे. काही ठिकाणी तर बटण आपोआप दाबणारं उपकरण लावून माणसं नुसती बघत बसत. खेळायचंही यंत्रानेच, माणसाने फक्त देवमाशाची वाट बघायची!

कुपनांची ही युक्ती नवी नव्हती. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत जुगारबंदी चुकवायला स्लॉट मशीनमधून च्युइंगगम द्यायचे. त्या गमच्या स्वादांची फळं चकत्यांवर छापली आणि चेरी-लिंबू आजतागायत तिथेच आहेत. बनवाबनवीची खूण पुढे सजावट होऊन बसते, ती अशी.

2006 साली कोरियात याचा मोठा बोभाटा झाला, सरकारला माफी मागावी लागली, पार्लरांवर धाडी पडल्या आणि गेम तपासायला नवं मंडळ नेमलं गेलं. मला खटकतं ते त्याच्या आधीचं. हे यंत्र सरकारी तपासणी मंडळाकडून प्रौढांचा खेळ म्हणून मंजूर होऊन आलं होतं. खेळ म्हणून त्याचं परीक्षण झालंच नाही, असंच म्हणावं लागेल. चित्रात बघितलं तर मासेच मासे, आक्षेप घ्यायचा कशाला? दोन डावांच्या मधे किती वेळ जातो, हरतानाही जिंकल्यासारखं कसं वाटतं, कुपन घेऊन माणूस कुठे वळतो, हे चित्रात दिसत नाही.

आता आपल्याकडचा मटका बघा. आमच्याकडे सट्टापट्टी म्हणतात. सुरुवात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर बोली लावण्यापासून. ते भाव बंद झाले, तेव्हा 1962 मध्ये कल्याणजी भगत आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी मुंबईत आकडे काढायला सुरुवात केली. पत्त्यांतून तीन पानं काढायची, बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे ओपन, मग काही तासांनी क्लोज. या काही तासांत गिरणीतला माणूस पाळी करून यायचा, आमच्याकडचा बांध घालून यायचा. मटक्याने घरं बुडवली, त्याचं गुणगान मला करायचं नाही. पण मटक्याला शकुन नव्हता. तो खेळणारा स्वतः आणायचा: स्वप्नात साप दिसला तर हा आकडा, मेलेला आजा दिसला तर तो. आकडा चुकला तर स्वप्न चुकलं. कोरियन यंत्राने शकुनच आत घेतला. स्वप्न पाडण्याचं कामही मालकाकडे गेलं.

आपले कायदे मात्र 'कौशल्य की नशीब' याच प्रश्नाभोवती घुटमळत राहिले. रमी कौशल्याची, तीन पत्ती नशिबाची, व्हिडिओ गेमचं यंत्र फिरवता येतं म्हणून त्याला परवाना हवा (हा 1995 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल). महाराष्ट्राने तर 1976 साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी लागूच केला नाही आणि 2023 साली रद्द केला. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने हा वाद बाजूला सारून पैशांचे ऑनलाइन गेमच बंद केले, ते बरं झालं. पण त्याचा रोख पैसे लावून काहीतरी मिळवण्याच्या आशेवर आहे. टोपी हे 'काहीतरी' धरायचं का? भावाच्या टोपीला बाजारात कुणी रुपया देणार नाही.

कोरियात निदान पेटीच्या आत डोकावायला सुरुवात झाली आहे. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने 'मेपलस्टोरी'तल्या वस्तूंच्या शक्यता गुपचूप बदलल्याबद्दल नेक्सॉन कंपनीला 11.6 अब्ज वॉन दंड केला आणि मार्चपासून शक्यता जाहीर करणं सक्तीचं झालं. चांगलंच आहे. तरी टक्केवारी वाचून देवमासा पोहायचा थांबत नाही. हलण्याचा आणि उजेडाचा हिशोब कुठल्याच तक्त्यात येत नाही.

त्या रात्री मी भावाच्या गेममध्ये शोधून शक्यतांचं पान काढलं. बारीक अक्षरं, खाली खाली जाणारा तक्ता. त्याला हवी असलेली बंदूक शेकड्यात एकापेक्षाही कमी. त्याने नीट वाचलं, मान हलवली. मग म्हणाला, "पण दादा, काल दोनदा हालली होती." तेवढ्यात पलीकडे ढोलकी वाजली आणि आम्ही उठलो.