‘रोजची भाकर’ : एका ग्रीक शब्दाविषयी

प्रभूच्या प्रार्थनेतील ‘रोजची’ हा मराठी शब्द ज्या ग्रीक शब्दाच्या जागी उभा आहे तो ‘एपिऊसिओस’. मत्तय (६:११) आणि लूक (११:३) यांपलीकडे नव्या करारात तो कोठेही येत नाही. हा शब्द ना विद्वानांच्या लेखनात आढळतो ना लोकांच्या बोलण्यात, शुभवर्तमानकारांनीच तो घडविलेला दिसतो, असे ओरिजेनने तिसऱ्या शतकातच नोंदवून ठेवले. इजिप्तमधील हवारा येथील एका हिशेबाच्या पपायरसात तो सापडल्याचे १८८९ साली छापून आले आणि ‘रोजचा शिधा’ हा अर्थ पक्का झाला, असे कित्येकांनी मानले. हरवलेला तो पपायरस १९९८ साली येल विद्यापीठात पुन्हा हाती लागला. नीट वाचून पाहिल्यावर तेथे भाकरही नव्हती, रोजही नव्हते, होते तेल!

मग उरते ती व्युत्पत्ती. ‘ऊसिआ’ म्हणजे सत्त्व, यावरून संत जेरोमने मत्तयात ‘सत्त्वापलीकडची’ असा लॅटिन शब्द योजला. लूकमध्ये मात्र त्याच शब्दासाठी ‘रोजची’. दुसरी वाट ‘एपिऊसा’, म्हणजे येणारा दिवस. प्रेषितांच्या कृत्यांत (१६:११) लूक स्वतःच ‘दुसऱ्या दिवशी’ या अर्थी हा शब्द वापरतो. हिब्रूंच्या शुभवर्तमानात येथे ‘माहार’, म्हणजे ‘उद्या’, असल्याचे जेरोमनेच सांगितले आहे. आम्हांस हीच वाट अधिक भरवशाची वाटते. लूकच्या ओळीत ‘दररोज’ या अर्थाचे शब्द स्वतंत्रपणे आहेतच. ‘एपिऊसिओस’चाही अर्थ ‘रोजची’ घेतला तर निव्वळ द्विरुक्ती होते, आणि द्विरुक्तीसाठी कोणी नवा शब्द घडवीत नाही.

यवतमाळ नगरीला ग्रीक परकी नव्हे. येथील युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ साली पुण्यास जाईपर्यंत प्रॉटेस्टंट पाळकांना घडवीत होती. तरीही या जिल्ह्यात ‘रोज’ म्हटले की मजुराला आठवते ती दिवसाची मजुरी. भाषांतरकारांच्या ध्यानीमनी नसलेला हा अर्थ या ओळीला आपसूक लाभला. ‘भाकर’ तर उत्तमच. ज्वारीच्या या मुलखात तिला दुसरा शब्द नको.

ही भाकर म्हणजे केवळ ख्रिस्तप्रसाद, असे काही प्रवचनकार ठासून सांगतात. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने दोन्ही अर्थांना जागा दिली आहे. त्यातला एक काढून घेण्याचा अधिकार प्रवचनकाराला कोणी दिला? कापूस घरी येण्याआधीच ज्याने सावकाराकडून उचल घेतली, त्याला उद्याची भाकर आज मागणे म्हणजे काय हे आम्ही समजावून सांगायला नको. ‘उद्याची चिंता करू नका’ या प्रभुवचनाशीही (मत्तय ६:३४) हा अर्थ भांडत नाही. रानात मान्ना एका दिवसापुरताच गोळा करायचा होता. सहाव्या दिवशी मात्र उद्याचाही वाटा आजच मिळे, आणि तो नासत नसे.