पडद्यावरचा कास्तकार

करुणरसापासून आनंद कसा होतो, हा साहित्यशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे. शोकात्मिकेच्या दर्शनाने भीती व करुणा या भावनांचे विरेचन होते, असे सांगून ग्रीक आचार्य ॲरिस्टॉटल याने त्यास एक उत्तर दिले. आपल्याकडील आचार्यांनी साधारणीकरणाच्या मार्गाने दुसरे दिले. आणि मराठीत नरसिंह चिंतामण केळकर यांनी १९२१ साली बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडून तिसरे सुचविले. रसिक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, पण आपण स्वतः कोण आहो याचे भान त्यास सुटत नाही, हा केळकरांच्या म्हणण्याचा मथितार्थ. या चर्चेत जी उदाहरणे नेहमी पुढे येतात ती सीतात्यागाची किंवा राजा लियरची. तेथे दुःख भोगणारे माणूस देशाने वा काळाने आपल्यापासून पुष्कळ दूर असते. परंतु तेच माणूस आपल्या जिल्ह्यातले असेल, आठवड्याच्या बाजारात आपणांस भेटत असेल, त्याचा मुलगा आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसत असेल, तर त्याचे दुःख दिवाणखान्यात बसून पाहताना जी गोडी वाटते तिला काय म्हणावे? यवतमाळ जिल्ह्यातील सुशिक्षित कुटुंबांस हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. ‘हल्ली पाहण्याजोगे काय आहे?’ या नेहमीच्या साध्या प्रश्नाचे उत्तरही आमच्या मते त्यातच आहे.

कापसाच्या व्यापारासाठी इंग्रजी अमदानीत ज्या गावापासून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांची स्वतंत्र गाडी घातली गेली, त्या यवतमाळचे नाव गेल्या काही दशकांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीशी जखडले गेले आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका कास्तकाराने १९ मार्च १९८६ रोजी सहकुटुंब जीवनाचा अंत करून घेतला. त्या दिवसाचे स्मरण म्हणून आता ठिकठिकाणी लोक उपवास करतात. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भास भेट देऊन सहा जिल्ह्यांकरिता ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्या सहांत आमचा जिल्हा होता. परिणाम असा झाला की, व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर, यवतमाळ हे विशेषनाम न राहता विशेषण झाले. अशा जिल्ह्याकडे कलावंताचे लक्ष जावे हे स्वाभाविकच होय. मात्र लक्ष जाणे निराळे आणि दृष्टी पोचणे निराळे. मरण ही एका क्षणाची घटना आहे. ती सांगण्यास वर्तमानपत्राच्या चार ओळी पुरतात. त्या घटनेच्या अलीकडे जो संसार चाललेला असतो आणि पलीकडे जो चालवावा लागतो, तो दाखविण्यास नाट्य लागते. म्हणून पडद्यावरील कृतीस आमचा पहिला प्रश्न हा की, ती कोणाच्या डोळ्यांनी पाहते?

हा विषय आपल्या चित्रसृष्टीस नवा नाही. १९२५ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. ज्या काळी पडद्यावर देवादिकांचे चमत्कार आणि ऐतिहासिक लढाया यांचेच राज्य होते, त्या काळी कर्जापायी जमीन गमावून शहरातल्या गिरणीची वाट धरणारा तरुण शेतकरी नायक म्हणून उभा करणे हे मोठे धाडस होते. ती भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पुढे १९३६ साली पेंटरांनीच हे कथानक बोलपटाच्या रूपानेही मांडले. त्या कथेत एक सोय होती, ती अशी की दुष्ट कोण हे प्रेक्षकास ठाऊक असे. सावकार समोर बसलेला होता, त्याची वही समोर होती, आणि प्रेक्षकाचा संताप कोणावर जावा याविषयी संदेह नव्हता. आजच्या कास्तकाराचा पाश अनेकपदरी आहे. बियाणे, खत, बँकेचा हप्ता, बाजारातील भाव आणि पाऊस हे पाचही एकाच गळ्याभोवती असून त्यांपैकी एकालाही चेहरा नाही. चेहरा नसलेल्या शत्रूचे नाटक लिहिणे कठीण असते, आणि म्हणूनच ज्यांनी ते साधले त्यांचे मोल अधिक.

‘सावकारी पाश’नंतर पंचाऐंशी वर्षांनी, २०१० साली, अनुषा रिझवी यांचा ‘पीपली लाइव्ह’ हा हिंदी चित्रपट आला. नत्था आणि बुधिया या दोघा भावांची जमीन कर्जापायी जाण्याच्या बेतात आहे. आत्महत्या केल्यास सरकारी भरपाई मिळते असे एक पुढारी थट्टेने सुचवितो, आणि नत्था मरणार असल्याची बातमी फुटताच वृत्तवाहिन्यांच्या गाड्या त्या खेड्यात यात्रेसारख्या येऊन उतरतात. एवढ्या गर्दीत सर्वांत कमी बोलतो तो नत्थाच. ओंकारदास माणिकपुरी यांनी ही मुकी भूमिका इतक्या भोळसर गांभीर्याने केली आहे की आपले हसू हळूहळू ओशाळे होत जाते. या चित्रपटाचे मर्म मात्र नत्थापेक्षा होरी महातो या गौण पात्रात आहे. तो माणूस रोज खड्डा खणतो, माती विकतो, आणि एके दिवशी त्याच खड्ड्यात मरून पडतो. सगळे कॅमेरे जवळच असतात. त्यांची तोंडे दुसरीकडे असतात. प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधील नायकाचे नाव त्याला देऊन लेखिकेने एक मोठी परंपराच त्या खड्ड्याच्या काठावर आणून उभी केली आहे. शेवटी नत्था शहरातल्या बांधकामावर मजूर म्हणून दिसतो. १९२५ चा नायक गिरणीत गेला होता, २०१० चा इमारतीच्या पायाशी गेला. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, पण ही वाट बदललेली नाही, हे या दोन चित्रपटांस शेजारी ठेवले म्हणजे कळते. ‘पीपली’चा दोष एवढाच की, वृत्तवाहिन्यांची टर उडविण्यात त्याला इतका रस वाटू लागतो की नत्थाची बायको काय करते, काय खाते, काय विचार करते, हे पाहण्यास त्यालाही पुरती सवड राहत नाही.

दूरचित्रवाणीची गोष्ट याहून वाईट असावी असे मूळचे काही कारण नव्हते. सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवरून ‘सद्गती’ केली, तेव्हा या माध्यमाचे सामर्थ्य सर्वांस दिसले होते. ओम पुरी, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांचा अभिनय, तासाभराच्या आतबाहेरची लांबी, आणि भुकेल्या पोटी लाकडाचा ओंडका फोडणारा एक माणूस, एवढ्या भांडवलावर रायांनी जातिभेदाचे जे दर्शन घडविले ते शंभर व्याख्यानांस साधणार नाही. आज सायंकाळी घरोघर ज्या मालिका चालतात त्यांतील बहुतेकींत घर आहे, दागिने आहेत, कारस्थाने आहेत. परंतु त्या घराचा खर्च कोणत्या उद्योगावर चालतो हे वर्षानुवर्षे कळत नाही. आणि वऱ्हाडी बोली तर तेथे बहुधा हसविण्यापुरतीच आढळते. गडी, भोळा पाहुणा किंवा विदूषक तोंड उघडतो तेव्हा ती ऐकू येते. ज्या भाषेत आमच्या जिल्ह्यातील निम्मी माणसे आपले मरणाजीवनाचे निर्णय घेतात, ती भाषा ऐकताच हसावयाचे असे वळण मुलांच्या कानांस लागणे ही आम्हांस किरकोळ गोष्ट वाटत नाही.

हे वळण मोडणारी कृती म्हणजे सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९). ‘गाभ्रीचा’ ही वऱ्हाडातली शिवी होय, आणि ती येथे पावसाला दिली आहे. हवा तेव्हा न येणाऱ्या, नको तेव्हा कोसळणाऱ्या पावसाला देव म्हणून हात जोडणारा शेतकरी पडद्यावर पुष्कळदा येऊन गेला; त्याला घरच्या वाह्यात माणसासारखी शिवी देणारा कास्तकार प्रथमच इतक्या खरेपणाने आला. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकाच्या मनात भय शिरते की आपला नवराही तसेच काही करील. मग ती त्याच्यावर पहारा बसविते. लहानग्या दिनूला बापाच्या मागे पाठविते, सासूला सावध करते, नवऱ्याला आवडणारे गोडधोड रांधते, त्याच्याशी मुद्दाम गोड बोलते. किसनाला या साऱ्याचा उलगडा होत नाही. त्याच्या डोक्यात पेरणी आहे, मरण नाही.

या योजनेतील खोली वाचकांनी लक्षात घ्यावी. विषय भयाचा असून घडणारे प्रसंग विनोदी आहेत. बाप रानात निघाला की मागे मुलगा, वेळी म्हातारीही, हे दृश्य पाहून हसू येते. आणि हसता हसता ध्यानात येते की एका बाईने आपला संसार राखण्याकरिता लावलेली ही सारी फौज होय. पोराचा खेळ, म्हातारीचे पाय आणि चुलीवरचा गूळ याखेरीज तिच्यापाशी दुसरे शस्त्र नाही. सोनाली कुलकर्णी यांची अलका कोठेही रडून सहानुभूती मागत नाही. ती सदैव कामात असते, आणि कामातून मान वर करून नवरा कोठे आहे एवढे पाहून घेते. तिच्या त्या एका नजरेत जे नाट्य आहे ते दहा विलापांत आले नसते. गिरीश कुलकर्णी यांचा किसना हट्टी, थोडा तापट, आशेवर जगणारा आहे. तो दयेचा विषय होत नाही, कारण त्याला आपले कसब येते आणि ते येते याचा त्याला अभिमान आहे. ज्योती सुभाष यांची म्हातारी तर आपल्याच कोणत्याही ओसरीवरून उठून आल्यासारखी वाटते. कथेचा शेवट आम्ही सांगणार नाही. एवढेच म्हणतो की, चित्रपट संपल्यावर शेती हा धंदा म्हणजे दर हंगामात घरातले सगळे डावावर लावणे आहे, ही गोष्ट हिशेबाच्या वहीतल्यासारखी स्पष्ट झालेली असते. नुसती हळहळ वाटावयास लावणाऱ्या कृतीकडून हे घडत नाही.

याच्या एक वर्ष आधीचा, मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (२००८), जुन्नरकडचा आहे. तरी त्याचा येथे उल्लेख केलाच पाहिजे. जायबंदी झालेला बैल विकून दुसरा आणल्याशिवाय पेरणी होत नाही, हे बापाचे गणित बिनचूक आहे. आजारी माणसाला औषध देता, मग चितंग्याला खाटकाकडे का, हा मुलाचा प्रश्नही तितकाच बिनचूक आहे. दोन्ही बाजू खऱ्या असताना होणाऱ्या संघर्षासच खरा शोक म्हणतात, आणि तो येथे एका लहान मुलाच्या तोंडून व्यक्त झाला आहे. त्या भूमिकेबद्दल शरद गोयेकर यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सर्वस्वी योग्यच होता.

आमच्या जिल्ह्यातील दुसरी एक घटना अमित मसुरकर यांच्या ‘शेरनी’ (२०२१) या हिंदी चित्रपटामागे असल्याचे सर्वत्र मानले जाते. पांढरकवडा व राळेगाव या भागांत तेरा माणसांच्या मृत्यूस कारण झाल्याचे सांगितल्या गेलेल्या ‘अवनी’ वाघिणीस २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालण्यात आली. त्यावरून शहरातील प्राणिप्रेमी एका बाजूस आणि गुराखी दुसऱ्या बाजूस असा तंटा झाला. मसुरकरांनी कथा मध्यप्रदेशात नेली आणि एका अबोल स्त्री-अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी ती सांगितली. विद्या बालन यांनी आवाज न चढविता ही भूमिका तोलली आहे. खाण, राजकारण आणि शिकारीची हौस या तिहींनी वाघिणीची वाट कशी अडविली हे येथे उत्तम दिसते. मात्र आमच्या कसोटीस हा चित्रपट अर्धाच उतरतो. दोन वर्षे ज्या बायकांनी जीव मुठीत धरून सरपण आणले आणि ज्या मजुरांनी कापूस वेचला, त्यांचे भय त्यात ऐकू येते, पण मध्यभागी येत नाही. जंगलाची बाजू ज्या सूक्ष्मतेने मांडली, त्याच सूक्ष्मतेने गावाची मांडली असती तर ही कृती फार मोठी झाली असती.

यावर कोणी म्हणेल की, दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसाने सायंकाळीही दुःखच का पाहावे? आक्षेप खोटा नाही. करमणुकीचा हक्क सर्वांस आहे, आणि वर सांगितलेल्यांपैकी दोन चित्रपट भरपूर हसविणारे आहेत हेही विसरू नये. परंतु या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, हे दुःख दुसऱ्याचे असून ते पाहणे वा न पाहणे आपल्या मर्जीवर आहे. आमच्या जिल्ह्यात असे म्हणण्याचा अधिकार फार थोड्या घरांस आहे. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांपैकी बहुतेकांचे आजोबा शेतात होते आणि कित्येकांचे चुलतभाऊ अजून आहेत. कापड-दुकानाचा गल्ला आणि शाळेची फी दोन्ही कापसाच्या भावावर हलतात. पडद्यावरील किसना आपल्या अंगणाबाहेरचा नाही. म्हणून जाणत्या मुलांसह हे चित्रपट घरी पाहावेत, आणि पाहून झाल्यावर ‘किती वाईट झाले’ एवढ्यावर न थांबता, अलकेच्या जागी आपण असतो तर कोणाकडे गेलो असतो व त्या माणसाने आपणांस काय उत्तर दिले असते, याची चर्चा करावी. तो ज्याच्याकडे गेला असता तो माणूस कदाचित आपल्याच ओळखीचा निघेल.

‘सविकल्प’ या शब्दाचा उपयोग येथे होतो. अलकेशी एकरूप होणे सोपे आहे. तिच्या दारी येणारा बँकेचा माणूस, दुकानदार किंवा मास्तर या नात्याने आपण कोण आहो हे त्याच वेळी विसरू न देणारी कृती दुर्मिळ असते. श्याम पेठकर व हरीश इथापे यांच्या ‘तेरवं’ या नाटकाने हे एका वेगळ्या मार्गाने साधले. ज्यांच्यावर हा प्रसंग ओढवला त्याच शेतकरी-विधवा त्यात रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्यापैकी आमच्याच जिल्ह्याच्या वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या बाण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलनाचे उद्घाटन झाले. ‘सावकारी पाश’पासून येथवर शंभर वर्षांच्या आत-बाहेरचा हा प्रवास आहे. प्रथम शेतकरी दिसला, पण ऐकू आला नाही. मग त्याच्याभोवती गर्दी झाली. मग त्याची बायको पहाऱ्यावर उभी राहिली. आणि अखेर ती स्वतः बोलू लागली. ती बोलते तेव्हा समोर बसलेल्या आम्हां सुशिक्षितांकडे तिची नजर असते, आणि त्या नजरेस नजर देता येईल असे आपले वागणे आहे की नाही, हे ज्याचे त्याने पाहावयाचे आहे.