उंबरठ्याबाहेर पडल्यावर काय?

मंडळी, जब्बार पटेलांचा 'उंबरठा' तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. १९८२ चा चित्रपट, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा. पटकथा विजय तेंडुलकरांची. स्मिता पाटीलची सुलभा नोकरीसाठी घर सोडून महिलाश्रमात जाते. परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा निघते, शेवटी आगगाडीत दिसते. आपण टाळ्या वाजवतो, वाजवाव्यातच. पण आज आम्हाला विचारायचंय ते असं, की मागं राहिलेल्या राणीचं काय?

आता बघा, सुलभाचा नवरा सुभाष वकील आहे. म्हणजे वकिलाच्याच घरात संसार तुटतो, आणि मुलगी कुणाकडे, आईनं तिला कधी भेटायचं, सुलभानं राहायचं कुठं, यातलं काहीच ठरत नाही. नवरा निर्णय सांगतो, बायको निघून जाते. दोघं समोरासमोर बसून बोलतच नाहीत. चित्रपटाची कच्ची जागा आम्हाला इथं दिसते. नवऱ्याला वकील केलं, पण त्या वकिलीचा प्रश्न पटकथेनं उचललाच नाही. तेव्हा रस्ता नव्हता असंही नाही. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाचं कलम १३-ब १९७६ सालीच आलं होतं.

हा प्रश्न आपल्या भंडारा जिल्ह्यात आणून बघू. धानाच्या बांध्यांच्या या मुलखात 'बैठक' कुणाला नवी नाही. चार जाणती माणसं बसतात, स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहितात, मोकळे होतात. पण ज्या समाजात सोडचिठ्ठीची रूढी कायद्यानं मानलेली नाही, तिथं त्या कागदानं लग्न मोडत नाही; न्यायालयाचा हुकूमनामाच लागतो. आणि अशा बैठकीत जिच्याबद्दल ठरतं ती बाई बरेचदा आतल्या खोलीत असते. सुलभाच्या घरात बैठकच नव्हती. इथं बैठक आहे, पण तिच्यात बाईला जागा नाही.

अमेरिकेत मिनेसोटातल्या स्टुअर्ट वेब या वकिलानं १९९० मध्ये एक पद्धत मांडली. नवरा-बायको आणि दोघांचे वकील एकत्र बसतात. कोर्टात भांडायचं नाही, असं आधीच लिहून देतात. बोलणी फिसकटली तर ते वकील बाजूला होतात, पुढचा खटला त्यांना चालवता येत नाही. खुबी इथंच आहे : भांडण लांबवण्यात वकिलाचा फायदा उरत नाही.

आपल्याकडे या पद्धतीचा वेगळा कायदा नाही, पण तिच्या जवळ जाणाऱ्या वाटा आहेत. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानं आधी समेटाचा प्रयत्न करणं न्यायालयाचं कर्तव्य ठरवलं. मध्यस्थी आहे, आणि तिथलं बोलणं गोपनीय राहतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. सहमतीच्या अर्जानंतरची सहा महिन्यांची वाट योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं.

मात्र एक गोष्ट ठासून सांगतो. जिथं मारहाण आहे, धाक आहे, तिथं समजुतीची भाषा बाईवरच उलटते. तिथं २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आणि न्यायालयाचं संरक्षण हवं, समेटाचा आग्रह नको. सहमती दोघांना मोकळेपणी 'नाही' म्हणता येतं तिथंच खरी.

तेव्हा 'उंबरठा' पुन्हा बघाल तेव्हा गाडीतल्या सुलभेकडे बघाच, पण घरात राहिलेल्या राणीलाही विसरू नका. बाहेर पडायचं धाडस सुलभेनं एकटीनं केलं. बाहेर पडल्यावरचं ठरवायला मात्र दोन खुर्च्या लागतात, आणि तिची खुर्ची आतल्या खोलीत असून चालत नाही.