हास्य, करुण आणि आलंबनभेद : सेडारिसच्या दोन नाताळकथा

डेव्हिड सेडारिस या अमेरिकन विनोदी लेखकाचा 'हॉलिडेज ऑन आइस' हा छोटा संग्रह १९९७ साली प्रसिद्ध झाला. नाताळाच्या सणाभोवती फिरणारे सहा लेख व कथा त्यात होत्या. या पुस्तकाविषयी वाचकांत एकमत नाही. कित्येकांना ते दर डिसेंबरात पुन्हा काढून वाचावेसे वाटते, तर कित्येकांना त्यातील काही कथा असह्य होतात. हा मतभेद अभिरुचीचा म्हणून सोडून देण्याकडे आपला कल असतो. परंतु एकच वाचक पहिल्या लेखावर प्रसन्न होऊन दुसऱ्या कथेवर रुष्ट होऊ शकतो. अशा वेळी कारण केवळ त्याच्या स्वभावात न शोधता रचनेतही शोधले पाहिजे.

पहिला लेख 'सांतालँड डायरीज' हा होय. न्यूयॉर्कच्या मेसीज या प्रचंड दुकानात सांताक्लॉजचा बुटका मदतनीस म्हणून केलेल्या हंगामी नोकरीचे हे कथन १९९२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सार्वजनिक नभोवाणीवरून प्रक्षेपित झाले आणि लेखकाला कीर्ती मिळाली. येथील उपहास तिखट आहे. छायाचित्रासाठी मुलांना हसण्याची सक्ती करणारे आईबाप, आनंदाची शिकवणी घेणारे व्यवस्थापन आणि मखमली पोशाखातील खुद्द निवेदक हे त्याचे विषय. 'मी' म्हणजे लेखकच, हे गृहीत धरून वाचक निश्चिंतपणे हसतो.

दुसरी कथा नातलगांना व स्नेह्यांना दर नाताळास पाठविण्याच्या कौटुंबिक वृत्तपत्राच्या रूपात आहे. पत्र लिहिणारी श्रीमती डनबार ही सुखवस्तू गृहिणी. तिच्या नवऱ्याची व्हिएतनाममधील युद्धकाळात जन्मलेली तरुण मुलगी घरी येते. पुढे घरातील एका तान्ह्या मुलाचा भयंकर मृत्यू घडतो. हे सर्व उद्गारचिन्हांनी भरलेल्या शुभेच्छांच्या भाषेतच सांगितले जाते. वृत्त जसजसे भीषण होते, तसतशी शैली अधिकच प्रसन्न होते. येथे 'मी' लेखक नव्हे, हे सांगणारी खूण भाषेबाहेर कोठेही नाही.

विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त करुण व भयानक हे हास्याचे विरोधी रस मानले आहेत. रसविरोधाचे निमित्तही त्याने त्रिविध सांगितले आहे : कोठे आलंबन एकच असल्याने, कोठे आश्रय एकच असल्याने, तर कोठे दोन रस लागोपाठ आल्याने. ही मांडणी संस्कृत काव्यासाठी झाली असली, तरी प्रस्तुत प्रश्नावर ती प्रकाश टाकते. डनबारबाईंच्या पत्राला हसणाऱ्या वाचकाचे हास्य तिच्या भाषेवर, त्या भाषेआड दडलेल्या निर्दयतेवर असते. त्याची करुणा मात्र त्या बालकाकडे असते. दोहोंची आलंबने भिन्न राहिल्याने विरोध शमतो. ज्या वाचकाला ती एकच भासतात, त्याला आपणास मृत बालकावर हसावयास लावले जात आहे, असे वाटते. त्याचा संताप अरसिकपणाचा नव्हे.

मग दोष सर्वस्वी अशा वाचकाचाच का? तसे म्हणता येणार नाही. बालकाच्या बाबतीत लेखकाने आलंबनभेद नीट राखला आहे. त्या व्हिएतनामी मुलीची गोष्ट निराळी. तिचे मोडके इंग्रजी, तिची वेशभूषा, तिचे खाणेपिणे यांचे वर्णन डनबारबाई करतात. त्यांचा वंशद्वेष हा उपहासाचा विषय आहे हे खरे; पण ते वर्णनही स्वतंत्रपणे हशा पिकवते. तो हशा बाईंवर की मुलीवर, याचा निर्णय कथा करीत नाही. मुलीला स्वतःचा शब्द जवळजवळ मिळतच नाही. येथे दोन आलंबने एकमेकांत मिसळतात आणि आक्षेप घेणाऱ्या वाचकाची बाजू बळकट होते.

काळा विनोद सणाशी जोडला गेला की धोका वाढतो, कारण सणाची भाषा ही सर्वांची सामाईक भाषा असते. तिचा उपहास करणाऱ्याला आपण कोणाला हसत आहोत, हे इतरांहून अधिक काटेकोरपणे ठरवावे लागते. 'वाचकाला विनोद कळला नाही' हे उत्तर टीकाकाराने सर्वात शेवटी द्यावे; तत्पूर्वी त्या विनोदाचे आलंबन कोणते, हे त्याने तपासावे.