दिवस-रात्रीचा धडा

दिवाळीच्या अंकात मुलांच्या पुस्तकातल्या धड्यावर टीका लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात कडू पदार्थ वाढणे, असे काही वाचकांना वाटेल. पण नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडू कण जिभेला लावण्याची रीत आपल्याकडेच आहे. त्याच भरवशावर लिहितो.

'दिवस आणि रात्र' हा धडा मी विद्यार्थी म्हणून वाचला, मास्तर म्हणून शिकवला आणि आता आजोबा म्हणून नातीच्या तोंडून ऐकतो. चित्रे रंगीत झाली, मांडणी मात्र तीच. एक दिवा, एक चेंडू, अर्धा उजेडात, अर्धा अंधारात. खाली ठसठशीत वाक्य : पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस-रात्र होतात. यात एक अक्षर चूक नाही. माझी तक्रार निराळी आहे. मूल रोज सूर्य चालताना पाहते. धडा त्याला सांगतो, 'तू पाहतोस तो भास आहे', आणि पुढच्या ओळीला लागतो. शंकेला जागाच ठेवत नाही.

या धड्याने माझ्या हातून एक अपराध घडवला. एका मुलाने वर्गात विचारले, "गुरुजी, पृथ्वी फिरते तर सकाळी उडालेला कावळा आपल्या घरट्यात परत कसा येतो? घरटं पुढे निघून जाईल ना?" वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढं पाठ कर." त्याने पुन्हा कधी हात वर केलेला मला आठवत नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी मला कळले, की हाच आक्षेप सहाव्या शतकात वराहमिहिराने घेतला होता. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमाराच्या 'आर्यभटीया'त नावेचा दृष्टांत दिला : नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसे आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्यावर वराहमिहिराने पक्ष्यांचे घरटे पुढे केले; ६२८ साली ब्रह्मगुप्ताने विचारले, की पृथ्वी फिरते तर उंच वस्तू कोसळत का नाहीत? एवढ्या थोरांच्या पंक्तीला बसणाऱ्या मुलाला मी खाली बसवले!

उत्तर तरी कुठे अवघड होते? धावत्या आगगाडीत वर फेकलेला चेंडू हातातच येऊन पडतो, कारण गाडीचा वेग त्याच्याही अंगात असतो. मुंबईचा माणूस पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरतो; त्याच्या भोवतालची हवा आणि त्या हवेतला कावळाही त्याच्याबरोबर फिरतो. दहा ओळींत बसेल एवढे हे.

चेंडूच्या चित्राचा आणखी एक दोष असा, की मूल त्याकडे बाहेरून पाहते. राहते मात्र चेंडूवर. म्हणून यंदा मी नातीलाच पृथ्वी केले. खोलीतले दिवे मालवले, एका कोपऱ्यात आकाशकंदील लावला आणि तिला म्हटले, "नाकाचा शेंडा म्हणजे आपलं घर. आता हळूहळू डावीकडे वळ." कंदील डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात उगवला, नाकासमोर आला आणि उजवीकडे मावळला. दोन गिरक्यांनंतर ती म्हणाली, "आजोबा, कंदील हललाच नाही, तरी चालला!"

हे वाक्य कोणत्याही धड्यात नाही. ते मुलाने स्वतः म्हणावे, एवढ्यासाठीच धडा असावा. धडे लिहिणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे : चेंडू राहू द्या, पण त्याच्याशेजारी कावळ्याचे घरटेही काढा.

नातीला सांगून झाले. त्या मुलाला मात्र सांगायचे राहिले आहे. तो आज कुठे असेल, मला ठाऊक नाही.