शिक्षेचे माप आणि शिक्षेचे कारण

फौजदारी खटल्याचे दोन भाग असतात. आरोपीने गुन्हा केला की नाही, हा पहिला. आणि केला असल्यास त्याला किती शिक्षा द्यावयाची, हा दुसरा. पहिल्या भागासाठी पुराव्याचे कायदे झाले, उलटतपासणीचे शास्त्र झाले, संशयाचा फायदा आरोपीस देण्याचा दंडक झाला. दुसऱ्या भागात मात्र कायदा जवळजवळ मुका राहिला, अशी तक्रार एखाद्या वकिलाने केली असती, तर तिचे कोणाला नवल वाटले नसते. परंतु ती प्रत्यक्ष न्यायासनावर बसलेल्या गृहस्थांनी केली. मार्व्हिन फ्रँकेल हे १९६५ पासून न्यूयॉर्क येथे अमेरिकी संघराज्याच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘क्रिमिनल सेन्टेन्सेस : लॉ विदाउट ऑर्डर’ हे लहानसे पुस्तक म्हणजे न्यायाधीशाने स्वतःच्याच अधिकाराविरुद्ध दाखल केलेली फिर्याद होय. तिचा निकाल काय लागला हे आज आपणांस ठाऊक आहे. म्हणूनच ती पुन्हा वाचून पाहावी, असे आम्हांस वाटले.

ही फिर्याद समजण्यास थोडी पूर्वपीठिका हवी. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे १८७६ साली एक सुधारगृह उघडले. त्याचे प्रमुख झेब्युलॉन ब्रॉकवे यांच्या पिढीची श्रद्धा अशी होती की, गुन्हेगार हा एक प्रकारचा रोगी असून रोगी केव्हा बरा होईल हे त्याला दाखल करतानाच सांगता येत नाही. या श्रद्धेतून अनिश्चित मुदतीची शिक्षा जन्मास आली. विधिमंडळाने कमाल मर्यादा घालावी, न्यायाधीशाने तिच्या आत शिक्षा सांगावी आणि कैदी केव्हा सुधारला हे पॅरोल मंडळाने ठरवावे, अशी ही तीन मजली रचना होती. आपल्याकडे पॅरोल म्हटले की कैद्याला घरच्या अडचणीसाठी मिळणारी थोड्या दिवसांची रजा डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. शिक्षा संपण्यापूर्वी देखरेखीखाली, अटींवर मिळणारी मुक्तता, हा तो अर्थ. अट मोडली तर पुन्हा तुरुंग!

या रचनेच्या मुळाशी दया होती, हे फ्रँकेल नाकारीत नाहीत. त्यांचा आक्षेप दयेवर नाही, तसा कठोरपणावरही नाही. तो बेजबाबदारपणावर आहे. सशस्त्र बँकदरोड्यास पंचवीस वर्षांपर्यंत शिक्षा, एवढे सांगून कायदा थांबतो. शून्य आणि पंचवीस यांच्या मधल्या विस्तीर्ण माळरानावर न्यायाधीश एकटा उभा असतो. त्या काळी संघराज्याच्या न्यायालयात त्याने कारणे दिलीच पाहिजेत असे बंधन नव्हते, आणि शिक्षा कायद्याच्या मर्यादेत असली की तिच्यावर सहसा अपीलही चालत नसे. शिक्षा कशी मोजावी याचे शिक्षण त्याला कायद्याच्या महाविद्यालयात मिळालेले नसते, ही गोष्टही ग्रंथकर्ते आडपडदा न ठेवता सांगतात. पुस्तकात एका न्यायाधीशाचा किस्सा आला आहे. चार वर्षांची शिक्षा द्यावयाची असे त्याने मनाशी ठरविले होते. ‘काही सांगावयाचे आहे काय?’ असे विचारताच आरोपीने न्यायालयाविषयी कडवट शब्द काढले. न्यायाधीशाने चाराची पाच वर्षे केली. हा प्रसंग त्या न्यायाधीशाने मित्रमंडळींत सहज सांगितला, याचाच ग्रंथकर्त्यांना अधिक धक्का बसला असावा.

पॅरोल मंडळाविषयीही त्यांचे बोलणे असेच सडेतोड आहे. आपण केव्हा सुटणार हे कैद्याला माहीत नसते. सुटका नाकारली तर ती का नाकारली हेही कळत नसे. अशा स्थितीत माणूस सुधारण्याऐवजी सुधारल्याचे सोंग आणावयास शिकतो.

फ्रँकेल यांची भाषा साधी आहे; तीत आवेश कमी आणि उपरोध माफक. युक्तिवाद पायरीपायरीने चढत जातो. त्यांच्या म्हणण्यास लवकरच आधारही मिळाला. १९७४ साली त्याच भागातील पन्नास न्यायाधीशांना एकच कागदपत्रे देऊन शिक्षा सुचविण्यास सांगण्यात आले. खंडणीच्या एका प्रकरणात एकाने वीस वर्षे कैद आणि ६५ हजार डॉलर दंड सुचविला, तर दुसऱ्याने तीन वर्षे पुरेशी मानली. आरोपी एक, कागद एक. फरक केवळ कोणत्या दालनाचे दार उघडले एवढाच.

ग्रंथकर्त्यांनी उपाय सुचविले ते तीन : शिक्षांचे नियम ठरविणारा कायमचा आयोग, कारणांची नोंद आणि शिक्षेवर अपील. सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी ही कल्पना उचलून धरली. १९८४ च्या कायद्याने आयोग नेमला गेला आणि १ नोव्हेंबर १९८७ पासून कोष्टक अमलात आले. त्यात गुन्ह्याच्या गंभीरतेच्या ४३ पायऱ्या व पूर्वेतिहासाचे सहा वर्ग मिळून २५८ चौकोन होते. त्या दिवसानंतरच्या संघराज्यीय गुन्ह्यांसाठी पॅरोल बंद झाला. दरम्यान १९८६ साली काँग्रेसने अमली पदार्थांसाठी किमान शिक्षा सक्तीची केली. पाच ग्रॅम क्रॅक कोकेनला जी पाच वर्षे, तीच पाचशे ग्रॅम भुकटीला! हे शंभरास एक असे प्रमाण २०१० साली अठरास एक झाले. राज्यांचे व संघराज्याचे तुरुंग मिळून १९७२ च्या सुमारास दोन लाखांच्या आसपास कैदी होते; २००९ साली ते सोळा लाखांवर गेले. याचे खापर एका पुस्तकावर फोडणे अन्यायाचे होईल. सक्तीच्या शिक्षा फ्रँकेल यांनी मागितल्या नव्हत्या, आणि बहुसंख्य कैदी राज्यांच्या तुरुंगांतले होते.

तरीही या पुस्तकात एक उणीव आहे असे आमचे मत आहे. माप आणि कारण या दोन भिन्न गोष्टी आहेत. सारख्यास सारखे माप मिळावे ही मागणी कोष्टकाने पुष्कळशी भागविली. पण ‘याच माणसाला एवढी वर्षे का?’ या प्रश्नाला ‘चौकोनात तसे आहे म्हणून’ हे उत्तर कसे पुरावे? नव्या कायद्याने कारणे देणे आवश्यक केले हे खरे. परंतु कारणाच्या जागी पुष्कळदा बेरीज-वजाबाकीच येऊन बसली. शिवाय न्यायाधीशाच्या हातून काढलेला विवेकाधिकार नाहीसा झाला नाही. तो सरकारी अभियोक्त्याच्या टेबलावर गेला. कोणता आरोप ठेवावयाचा हे तोच ठरवितो, आणि आरोपाबरोबर चौकोन व किमान शिक्षाही पुष्कळशी ठरून जाते. संघराज्यात शंभरांपैकी नव्वदांहून अधिक दोषी गुन्हा कबूल करूनच तुरुंगात जातात. म्हणजे खरा सौदा न्यायासनापुढे येण्यापूर्वीच झालेला असतो. न्यायासनाचे दोष एवढ्या बारकाईने पाहणाऱ्या ग्रंथकर्त्यांनी शेजारच्या त्या खोलीत पुरेसे डोकावून पाहिले नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने बुकर खटल्यात कोष्टक केवळ मार्गदर्शक ठरविले आणि लंबक अर्धा मागे आला. अभियोक्त्याचे टेबल मात्र होते तेथेच राहिले.

मग या पुस्तकाचे काय उरते? आमच्या मते, त्याचा गाभा उरतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी दूरच्या जिल्ह्यांत बसून दुसऱ्याच्या आयुष्यावर परिणाम करणाऱ्या कागदांवर सह्या केल्या आहेत. सकारण आदेश लिहिताना लेखणी किती वेळा अडते, आणि ती अडली म्हणूनच कधीकधी निर्णय कसा बदलतो, हे त्यांना सांगावयास नको. ‘आरोपी उद्धटपणे बोलला, सबब एक वर्ष अधिक’ हे वाक्य त्या न्यायाधीशाला स्वतःच्या हाताने निकालपत्रात लिहावे लागले असते, तर बहुधा त्याने ते लिहिले नसते. ते पाचवे वर्ष आरोपीने भोगावयाचे होते. ते का, हे कोणत्याही कागदावर नव्हते. ज्याच्या हाती असा एखादा तरी कागद येतो, त्याने हे पुस्तक अवश्य वाचावे.