वेधयंत्र आणि कालयंत्र : पाथरीची ज्योतिषपरंपरा व तिच्या इतिहासलेखनातील एक उणीव

मराठी मुलखातील ज्योतिषाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ साली पुण्यास प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासापासून आरंभ करावा लागतो. ग्रंथकारांचे काल, त्यांची कुले, त्यांची गावे यांचा दीक्षितांनी जो निर्णय केला, त्याच्या आधारावरच पुढील सर्व अभ्यास उभा आहे. परभणी जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर गोदातीरीचे पार्थपूर म्हणजे आजची पाथरी. तेथील ज्ञानराजाने शके १४२५ म्हणजे इ. स. १५०३ हे आरंभवर्ष धरून 'सिद्धान्तसुंदर' रचिला आणि त्याचा पुत्र सूर्यदास याने १५३८ साली भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली, ही माहिती आता सर्वमान्य आहे. 'सिद्धान्तसुंदरा'चे टोके क्नुडसेन यांनी केलेले सटीक इंग्रजी भाषांतरही २०१४ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथाची ओळख अशी पक्की होत असताना यंत्रांची ओळख मात्र मागे राहिली आहे. ती का मागे राहिली, या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

दीक्षितांनी यंत्रांकडे दुर्लक्ष केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी यंत्रांचा विचार केला आहे, परंतु तो वेधाच्या प्रकरणात केला आहे, आणि ही जागा पुष्कळ काही सांगून जाते. भारतीयांनी आकाशाचे वेध स्वतः घेतले नाहीत, गणित बाहेरून आणले, असा आक्षेप एकोणिसाव्या शतकातील काही पाश्चात्त्य पंडित घेत असत. त्यास उत्तर देणे हे दीक्षितांच्या पिढीचे कर्तव्यच होते. साहजिकच प्रत्येक यंत्रास त्यांचा पहिला प्रश्न असा की, याने ग्रहस्थिती ताडून पाहता येते काय? या कसोटीस तुरीययंत्र उतरते, गोलयंत्र उतरते. पण पाण्यात बुडणारे तांब्याचे घटिपात्र उतरत नाही. घटिपात्राने तारा दिसत नाही, ग्रहाचा अंश कळत नाही. केवळ किती काळ गेला एवढेच कळते. वेधयंत्र आणि कालयंत्र हा भेद स्पष्ट न केल्यामुळे दुसरा वर्ग पहिल्याचा गरीब नातलग ठरला.

या दृष्टीचे मूळ खुद्द संस्कृत ग्रंथपरंपरेतच आहे. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त (इ. स. ११५०) गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य आणि फलक अशी नऊ यंत्रे सांगून दहावे 'धीयंत्र' सांगितले व बुद्धी हेच श्रेष्ठ यंत्र मानले. घटीविषयी त्यांचा अभिप्राय तर फार मार्मिक आहे. पात्र दहा पळे तांब्याचे असावे, त्याची उंची-रुंदी अमुक अंगुळे असावी, छिद्र अमुक वजनाच्या सोन्याच्या काडीने पाडावे, ही जुनी मापे त्यांनी निर्युक्तिक ठरविली. पात्र कसेही असो, अहोरात्रात ते किती वेळा बुडते हे मोजावे म्हणजे त्याचे प्रमाण कळते, असे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद निर्दोष आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की, पात्र घडविणाऱ्या तांबटाचे ज्ञान शास्त्राच्या कक्षेबाहेर गेले. ज्ञानराजाची 'यंत्रमाला' याच मळवाटेवरची आहे. गोलाध्यायातील या प्रकरणाच्या जोडीस ऋतुवर्णनाचे काव्यमय प्रकरण येते. यावरून यंत्रवर्णन हे सिद्धान्तग्रंथाचे एक अपेक्षित अंग म्हणून आले, कारागिराची पोथी म्हणून नव्हे, हे ध्यानात येते.

याच्या उलट उदाहरण गणेश दैवज्ञाचे. 'ग्रहलाघव' (शके १४४२, इ. स. १५२०) या ग्रंथामुळे त्याचे नाव घरोघरच्या पंचांगात शिरले, पण त्याने 'प्रतोदयंत्र' नावाची एक लहानशी रचनाही केली. प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या दांड्यासारखा दंड, त्याच्या वरच्या भागी आडवी बसवावयाची खिळी, आणि दंडाच्या अंगावर निरनिराळ्या दिनमानांसाठी खोदलेल्या घटींच्या खुणा. दंड उभा टांगून खिळीची छाया योग्य रेषेवर पाडली की दिवस किती घटी चढला किंवा किती उरला हे वाचता येते. हे यंत्र ग्रह शोधीत नाही. प्रवासात असलेल्या माणसास वेळ सांगते. वेधाची कसोटी लावली तर त्याचे मोल अल्प. कालसाधन म्हणून पाहिले तर मात्र सिद्धान्तातील एका प्रकरणाने जे केले नाही ते या छोट्या रचनेने केले आहे.

परंतु गुणगान करून थांबणे हे समीक्षेचे काम नव्हे. यंत्र स्थळावर नेऊन तपासले पाहिजे. जिंतूर तालुक्यातील बोरी हे गाव घेऊ. पाथरीच्याच जिल्ह्यातले असल्यामुळे येथील आकाश ज्ञानराजाच्या आकाशापासून फारसे भिन्न नाही. येथील अक्षांश सुमारे साडेएकोणीस अंश उत्तर. म्हणजे बारा अंगुळांच्या शंकूची विषुवदिनी मध्यान्हछाया, जिला पलभा म्हणतात, ती सुमारे सव्वाचार अंगुळे येते. उज्जयिनीस ती पाच अंगुळांहून किंचित अधिक येते. बोरीचा सर्वांत मोठा दिवस सुमारे ३३ घटींचा, सर्वांत लहान सुमारे २७ घटींचा. आता प्रतोदाच्या आडव्या खिळीची छाया सूर्य जसजसा वर चढतो तसतशी लांबत जाते. सूर्य ४५ अंशांवर असता छाया खिळीएवढी. विषुवदिनी बोरीच्या मध्यान्ही ती खिळीच्या पावणेतीन पटींहून अधिक. सूर्य ८० अंशांवर गेला की साडेपाच पटींहून अधिक. ८५ अंशांवर अकरा पटींहून अधिक. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात व जुलैच्या अखेरच्या आठवड्यात येथे सूर्य मध्यान्ही खस्वस्तिकी येतो. त्या वेळी छाया कोणत्याही दंडावर मावणार नाही. सारांश, सकाळी व तिसऱ्या प्रहरी जे यंत्र चोख चालते, ते उन्हाळ्यात ऐन दुपारी निरुपयोगी ठरते. पावसाळ्यातील ढगांचा आणि रात्रीचा प्रश्न तर निराळाच. म्हणून छायायंत्राच्या पाठीशी पाण्याचे यंत्र असलेच पाहिजे.

या ठिकाणी भाषेची साक्ष उपयोगी पडते. मराठीत भर मध्यान्हीला शास्त्री 'मध्यान्ह' म्हणतात, पण लोक 'दुपार' म्हणतात. आणि दुपार म्हणजे दोन प्रहर. प्रहर या शब्दाच्या मुळाशी आघाताचा अर्थ आहे. त्याच कुळातून पहारा आणि पहारेकरी हे शब्द निघाले. दिवसाच्या मध्यबिंदूस लोकभाषेने दिलेले नाव असे छायेच्या कुळातले नसून टोल्याच्या कुळातले आहे. 'घटका' हे पात्राचे नाव, तेच चोवीस मिनिटांच्या कालखंडाचेही नाव. 'पळ' हे मूळचे वजन, तेच घटकेच्या साठाव्या भागाचे नाव. 'तास' हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ वाडगे किंवा धातूचे पात्र. फिरोजशाह तुघलकाने (१३५१–१३८८) दिल्लीस 'तास-घडियाल' बसविल्याचे वर्णन अफीफने केले आहे. हिंदीत घड़ियाल म्हणजे टोले देण्याची थाळी. मराठीत 'घड्याळ' म्हणजे वेळ दाखविणारे यंत्र, आणि 'तास' म्हणजे साठ मिनिटे. भांडे, वजन आणि थाळी यांवरून मराठीची कालमाने बनली आहेत. 'किती वाजले?' हा प्रश्नही वेळ पाहणाऱ्याचा नसून वेळ ऐकणाऱ्याचा आहे. 'शेवटच्या घटका मोजणे' या वाक्प्रचारात पात्राजवळ बसून राहणाऱ्या माणसाचे काम टिकून राहिले आहे.

अर्थात शब्दांची साक्ष काढताना सावधगिरी हवी. 'घटका भरली' आणि 'पापाचा घडा भरला' हे प्रयोग सारखे दिसले तरी पहिला कालमापनाचा, दुसरा साठवणीचा. दोहोंचा गोंधळ करून कालयंत्राचा पुरावा फुगविता येणार नाही. 'पळ काढणे' यातील पळ धावण्याचा आहे. नांगराने शेतात पडणारे 'तास' याचा वाडग्याशी काही संबंध नाही. शिवाय लोकभाषेत दृष्टीने मोजण्याचीही परंपरा आहे : 'दिवस कासराभर वर आला' असे म्हणताना शेतकरी क्षितिजापासूनची सूर्याची उंची बैलाच्या कासऱ्याने मोजतो. सर्व मराठी कालगणना ऐकीव होती असा सिद्धान्त म्हणूनच टिकणार नाही. एवढेच म्हणता येईल की, शिवारात अंदाज डोळ्याने घेतला जाई, नेमका अवधी पाण्याने मोजला जाई आणि ठाण्याच्या वा शहराच्या ठिकाणी तो टोल्याने जाहीर केला जाई. लग्नमुहूर्तासाठी पाण्यात घटिका सोडण्याची चाल यांपैकी दुसऱ्या अंगाची साक्ष देते.

हीच तीन अंगे अन्य देशांत कशी जुळविली गेली हे पाहिल्यास आपल्याकडील स्थितीचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. कोरियात राजा सेजोंग (१४१८–१४५०) याच्या आज्ञेने जांग योंग-सिल याने १४३४ साली 'जाग्योंगनू' हे स्वयंचलित जलयंत्र सिद्ध केले. पाण्याची पातळी चढली की गोळे सुटत व त्यांच्या योगे बाहुल्या घंटा, नगारा व थाळी वाजवीत. त्याच वर्षी राजधानीत अर्धगोलाकृती छायायंत्र लोकांसाठी मांडले गेले; निरक्षरांस वाचता यावे म्हणून त्यावर बारा प्राण्यांची चित्रे काढली होती. सेऊलचा अक्षांश सुमारे साडेसदतीस अंश. तेथे दिवस सुमारे २३॥ घटींपासून ३६॥ घटींपर्यंत बदलतो. रात्रीचे पाच समान भाग करावयाचे तर ऋतूप्रमाणे मापनदंड बदलणे भाग होते, आणि तशी योजना जाग्योंगनूत होती. बोरीस हा फरक सहा घटींचाच. दिवसाचा प्रहर उन्हाळ्यात सव्वाआठ घटींचा, हिवाळ्यात पावणेसात घटींचा. एकाच पात्राने वर्षभर मोजून घटींची संख्या बदलली की काम भागते. आपल्याकडील जलयंत्र साधे राहिले याचे एक कारण अक्षांशातही आहे; त्यास केवळ बुद्धिमांद्य म्हणणे चुकीचे.

तथापि दुसरा भेद अक्षांशाने समजत नाही. कोरियातील यंत्रांचा इतिहास राजाच्या दप्तरात नोंदला गेला, म्हणून तेथे यंत्राचे वर्ष, कर्ता आणि स्थान सांगता येते. आपल्याकडे पाथरीचा सिद्धान्तकार कुलपरंपरेत लिहीत होता. टोला देणारा घड्याळी ठाणेदाराच्या चाकरीत होता. आणि पात्र घडविणारा तांबट या दोघांनाही जोडणारा असून कोणाच्याही ग्रंथात नव्हता. बाबराने आपल्या आत्मवृत्तात हिंदुस्थानातील घटी व घड्याळी यांचे वर्णन करून, रात्रीच्या टोल्यांवरून प्रहर कोणता हे कळत नसल्याची अडचण सांगितली आणि ती दूर करण्यासाठी प्रहराची वेगळी खूण वाजविण्यास सांगितले. परक्या निरीक्षकास जे सुचले ते ग्रंथकारांस सुचले नाही, कारण टोला हा त्यांच्या शास्त्राचा विषयच नव्हता.

यावरून इतिहासलेखनाच्या पद्धतीविषयी काही निष्कर्ष निघतात. श्रीरामुल राजेश्वर सर्मा यांनी भारतीय खगोलयंत्रांची जी वर्णनात्मक सूची सिद्ध केली, तिने प्रत्यक्ष वस्तूंची बाजू भरून काढली आहे. ग्रंथांची बाजू दीक्षितांनी पूर्वीच भरून काढली होती. उरली आहे ती शब्दांची बाजू. ती एकट्याने पुरेशी नाही : वस्तू गेल्यावरही शब्द टिकतो, त्यामुळे शब्द असल्याने वस्तू कधी होती हे ठरत नाही. परंतु ग्रंथ जेथे गप्प आहेत आणि वस्तू जेथे वितळून गेल्या आहेत, तेथे शब्दाने दाखविलेली दिशा सोडून चालणार नाही. दीक्षितांनी आपल्या काळाचा प्रश्न विचारला व त्याचे उत्तर दिले. आज त्याच सामग्रीस दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : ग्रहाचा अंश कोणी मोजला याबरोबरच, गावात वेळ कोण सांगत होते आणि कशाने? हा प्रश्न विचारला म्हणजे 'सिद्धान्तसुंदरा'तील यंत्रमाला, गणेशाचा प्रतोद आणि बोरीच्या शिवारातला कासरा ही एकाच इतिहासाची प्रकरणे म्हणून वाचता येतात.